घर कोणाच्या नावावर?

दसरा-दिवाळी उलटली की केजच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जाऊ लागतात. प्रत्येकाला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्यांत ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, सरपण, बांधलेली शेळी, डालग्यातल्या कोंबड्या आणि या साऱ्यांच्या वर, गोधड्यांवर बसलेली माणसे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची ही वाट पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढतच गेले. पाच-सहा महिने घरांना कुलूप लागते. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी आजीपाशी ठेवलेली मुले.

आम्ही काही वर्षे केजला राहत होतो. संध्याकाळी चार-सहा मुलेमुली आमच्याकडे इंग्रजी वाचावयास येत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये. पुण्यामुंबईच्या घरांत आजोबांच्या कपाटात इंग्रजी कादंबऱ्या सापडतात, तशा त्या केजच्या परिसरातील घरांत सापडत नाहीत. तेथे त्या अभ्यासक्रमातून आल्या आणि बहुतेकांनी त्या गाईडातूनच वाचल्या. म्हणून एका वर्षी आम्ही ठरविले की, जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'ची पहिली काही प्रकरणे सावकाश, मुळातूनच वाचावयाची.

डॅशवुड कुटुंबातील मायलेकी नॉरलंडचे घर सोडून जातात आणि मधली मुलगी मेरिअन त्या घराचा व झाडांचा निरोप घेताना रडते, तिथवर आम्ही आलो. तेव्हा कोपऱ्यात बसणारी एक मुलगी म्हणाली, "घर त्यांच्या नावावर नव्हतंच की, सर. मग ती एवढी रडली कशाला?" तिचे आईवडील त्या वेळी कारखान्यावर होते. आम्ही काहीतरी उत्तर दिले; पण ते उत्तर नव्हे हे आम्हांला त्याच रात्री कळले. या लेखात त्या प्रश्नाचाच पाठपुरावा करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नॉरलंडचा निरोप

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ साली प्रसिद्ध झाली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या स्त्रीला कायद्याच्या दृष्टीने वेगळे अस्तित्वच नव्हते. तिचा पैसा, तिचे सामान नवऱ्याचे होई. तिच्या जमिनीचा कारभार त्याच्या हाती जाई. मोठी मिळकत पुरुषांच्या वंशात अखंड राहावी म्हणून मृत्युपत्राने ती आधीच बांधून ठेवण्याची रीत होती. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील पाच बहिणींचे घर बापामागे एका दूरच्या नातेवाइकाला जाणार, हे त्या कादंबरीतील सगळ्या लगबगीचे कारण आहे. नॉरलंडही असेच सावत्र भावाकडे जाते.

मरणशय्येवरील बापाला त्याने बहिणींना सांभाळण्याचे वचन दिलेले असते. प्रत्येकीला एक हजार, म्हणजे एकूण तीन हजार पौंड द्यावयाचे, असे तो मनाशी ठरवितो. मग त्याची बायको बोलू लागते. तीन हजारांचे दीड हजार होतात, दीड हजारांचे सावत्र आईला वर्षासन होते, वर्षासनाची अधूनमधून दिलेली पन्नास पौंडांची भेट होते, आणि शेवटी सामान हलविण्यास मदत आणि हंगामात थोडी मासळी व शिकार पाठविणे, एवढ्यावर वचन येऊन थांबते. वर, मायलेकींनी नेलेली न्याहारीची चिनी भांडी आपल्या भांड्यांहून चांगली आहेत, याचेही वहिनीला दुःख! हे प्रकरण वाचताना आमच्या वर्गातील मुले मोठ्याने हसली. भावकीतील वाटणी त्यांनी पाहिलेली होती.

ऑस्टिनला हे ऐकीव नव्हते. १८०१ साली तिच्या आईवडिलांनी स्टीव्हन्टनचे राहते घर सोडून बाथला बिऱ्हाड नेले. १८०५ मध्ये वडील वारले. त्यानंतर आई व दोघी अविवाहित बहिणी भावांच्या मदतीवर या गावाहून त्या गावी राहिल्या. १८०९ साली एडवर्ड या भावाने आपल्या मिळकतीतील चॉटनचे छोटे घर त्यांना राहावयास दिले. तेथे स्थिर झाल्यावरच तिच्या कादंबऱ्या एकामागून एक प्रकाशात आल्या. घर भावाच्या मर्जीचे होते, पण टेबल ठेवण्याइतका कोपरा तेथे होता.

मग मेरिअन रडते कशाला? मालकी गेली म्हणून ती रडत नाही. तिची मालकी कधी नव्हतीच. त्या घराच्या कोणत्या खिडकीतून कोणते झाड दिसते, हे तिला ठाऊक आहे. या ओळखीची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही, म्हणून घर हातचे जाताना तिच्याजवळ दाखवावयास रडण्याखेरीज काही उरत नाही.

येथे एक गोष्ट आम्ही आमच्या मुलांना दाखविली. मायलेकी निघतात तेव्हा दोन मोलकरणी व एक गडी यांना बरोबर नेतात. नॉरलंड सोडताना त्या तिघांना काय वाटले, हे ऑस्टिन सांगत नाही. एवढ्या सूक्ष्म नजरेच्या लेखिकेलाही ते विचारावेसे वाटले नाही. घराची ओढ ही जणू ज्यांची भांडी चिनी मातीची आहेत त्यांनाच असते! हा प्रश्न इंग्रजी कादंबरीने खऱ्या अर्थाने विचारावयास आणखी काही दशके जावी लागली.

कापडावरचे नाव

जॉर्ज इलियटची 'मिल ऑन द फ्लॉस' १८६० साली आली. येथे घर जहागीरदाराचे नाही, पिठाच्या गिरणीवाल्याचे आहे. टलिव्हर कोर्टकज्जात बुडतो आणि घरातील चीजवस्तू लिलावात निघते. त्याची बायको कोठीच्या खोलीत आपल्या टेबलावरच्या चादरी व पांढरे कापड काढून बसते. त्यातले सूत लग्नाआधी तिने स्वतः कातलेले असते आणि त्यावर तिचे माहेरचे नाव घातलेले असते. हे कापड आता परक्या घरी जाणार, आपले नाव परक्यांच्या टेबलावर पसरणार, याचे तिला दुःख होते. नवऱ्याच्या आजारपणात ही बाई कापडासाठी रडते म्हणून वाचक तिला हसतात. आम्हीही पहिल्या वाचनात हसलो होतो.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. आहेराच्या तांब्यावर, परातीवर, हंड्यावर ठोकून ठोकून नाव उमटविलेले असते. कधी देणाऱ्याचे, बहुधा नवऱ्याचे. ज्या हातांनी ते भांडे तीस-चाळीस वर्षे घासले त्या हातांचे नाव त्यावर क्वचितच सापडते. मिसेस टलिव्हरच्या कापडावर निदान तिचे नाव होते. पण कायद्यापुढे त्याला काही अर्थ नव्हता. नवऱ्याचे कर्ज फेडावयास ते नाव लिलावात विकले गेले.

तिची मुलगी मॅगी हिचे प्रारब्ध याहून कठीण. पुढे भाऊ टॉम कष्टाने ती गिरणी परत मिळवितो. मॅगी एका तरुणाबरोबर होडीतून वाहवत जाते आणि लग्न न करताच परतते, तेव्हा टॉम तिला दारातूनच परत लावतो. घर सोडविले ते भावाने, म्हणून दार उघडावे की नाही हेही ठरविणार भाऊ. कादंबरीच्या अखेरीस पूर येतो, तेव्हा मॅगी एकटी होडी वल्हवीत त्याच घराकडे, त्याच भावाला वाचवावयास जाते आणि दोघेही बुडतात. लेखिकेच्या आयुष्यातही असाच एक भाऊ होता. विवाहित असलेल्या लुइस यांच्यासमवेत ती राहू लागली हे कळल्यावर आयझॅकने तिच्याशी संबंध तोडले. १८८० साली तिचे रीतसर लग्न झाले तेव्हाच त्याचे पत्र आले. त्याच वर्षी ती वारली.

लेडी डेच्या गाड्या

केजच्या ट्रॅक्टरांची आठवण ज्या पानांनी आम्हांला सर्वाधिक करून दिली ती थॉमस हार्डीची. 'टेस ऑफ द डर्बर्व्हिल्स' १८९१ मधील. डॉर्सेट भागात शेतमजुरांचे वर्षाचे करार जुन्या लेडी डेला, म्हणजे ६ एप्रिलला, संपत. त्या दिवशी मजुरांची कुटुंबे एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जात. गाडीत भांड्यांचे कपाट, खाटा, पोरे, आणि वर घरधनीण. सामान रचण्याची पद्धतही ठरलेली. हार्डी स्वतः गवंड्याचा मुलगा. १८८३ साली डॉर्सेटच्या मजुरांवर त्याने स्वतंत्र लेखही लिहिला होता.

टेसचे झोपडीवजा घर तीन जीवांच्या हयातीपुरत्या पट्ट्यावर असते. बाप हा त्यातील शेवटचा जीव. तो मेला त्या क्षणी घराचा हक्क संपतो. आठवड्याच्या भाड्याने कुटुंबाला राहू देता आले असते; पण टेसच्या नावाला लागलेला बट्टा गावाला नको असतो. हार्डी येथे वर्ग आणि स्त्रीत्व यांची गाठ अगदी उघडी करून दाखवितो. गरिबाचे घर त्याच्या श्वासावर टांगलेले असते आणि गरिबाच्या मुलीचे त्याखेरीज तिच्या अब्रूवर. नव्या गावी ठरविलेल्या खोल्या दुसऱ्याला दिलेल्या निघतात. तेव्हा आई चर्चच्या भिंतीलगत उघड्यावर खाट मांडते. त्याच चर्चमध्ये त्यांच्या पूर्वजांची, एके काळच्या सरदारांची थडगी आहेत. मेलेल्यांना छप्पर आहे, जिवंतांना नाही. ज्याने टेसचा नाश केलेला असतो तोच आता तिच्या आईला व भावंडांना घर देऊ करतो, आणि शेवटी टेस त्याच्याकडे जाते. त्या घराची किंमत तिने काय दिली, हे सांगावयास नको.

हे वाचून झाले त्या दिवशी वर्गात कोणी बोलले नाही. मग मुलांनीच सांगावयास सुरुवात केली. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती एका कोयत्याला मिळते आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. कारखान्याजवळ पाचटाची, बांबूची कोपी. पहाटेच्या अंधारात बाई भाकरी करून फडात जाते, नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. एक दिवस पडून राहिली तर खाडा धरला जातो. हा खाडा चुकावा म्हणून आणि अन्य कारणांनी या स्त्रिया काय सोसतात, ते २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत दिसले. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली होती. टेसही फ्लिंटकॉम्ब-ॲशच्या शेतावर मळणीयंत्रावर उभी राहून दिवसभर पेंढ्या सोडते आणि यंत्राबरोबर तिचे सारे अंग थरथरत राहते. त्या जागी बहुधा बाईच नेमतात, त्यामागे काटकसर असावी, असे हार्डी सहज नोंदवून जातो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला कोपी घर वाटते का, असे आम्ही विचारले. ज्या मुलीने पहिला प्रश्न केला होता तीच म्हणाली, "आई कोपीपुढंबी सारवून घेती."

नगरच्या दोन वाटा

मराठी कादंबरीचा आरंभ ज्या पुस्तकाने झाला असे बहुधा मानतात, ते बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे आहे. इंग्रजी कादंबऱ्यांची नावे घरांवरून पडत होती त्याच सुमारास आमच्या पहिल्या नायिकेच्या नावापुढे 'पर्यटन' लागले, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, गावोगावच्या विधवांची दैना पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. मराठीत 'घर' एक नसते. स्त्रीला माहेर असते आणि सासर असते. दोन्ही शब्द आपुलकीचे, पण दोन्हींत ती कोणाची तरी असते. विधवेच्या पायाखालून ही दोन्ही एकाच वेळी सरकतात.

बीडच्या शेजारच्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) १८६२ साली कृपाबाईंचा जन्म झाला. हरिपंत खिस्ती हे त्यांचे वडील, अमेरिकन मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या ब्राह्मणांपैकी. कृपाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी १८७८ मध्ये मद्रासला गेल्या. प्रकृतीमुळे वर्षभरातच त्यांना ते सोडावे लागले. पुढे त्यांनी सॅम्युएल सत्तियनाधन यांच्याशी विवाह केला. 'सगुणा' आणि 'कमला' या दोन कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत लिहिल्या आणि १८९४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या वारल्या. 'सगुणा' ही बरीचशी त्यांची आत्मकथा आहे. तिच्यातील आई राधा ही सोवळ्याओवळ्यात वाढलेली. नवरा ख्रिस्ती होतो तेव्हा सारे ओळखीचे जग मागे ठेवून, मनाविरुद्ध, त्याच्यामागे जाते. या नव्या घरात तिचे मन हळूहळू रुजते. पण जे सुटले त्याचे दुःखही लेखिका झाकीत नाही. मुलगी सगुणा पुस्तकांवर प्रेम करते, मिशनच्या शाळेत शिकते, आणि गोऱ्या मिशनरी बायांच्या वागण्यातील उच्चनीच भाव स्वाभिमानाने टिपते. आईचे घर धर्मांतराने सुटले आणि मुलीला नव्या समाजातही पाहुणीसारखे वागविले गेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तही हीच वाट आहे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंना स्वतःच्या मनाने त्या घरात पाऊल टाकण्यास पाच वर्षे लागली.

या दोघींच्या लेखनात इंग्रजी कादंबरीतील प्रश्न आमच्या अंगणात येतो. श्रद्धेचा निर्णय पुरुषाने केला, घर सोडण्याची किंमत मात्र स्त्रीने अधिक मोजली, हे आमच्या पूर्वजांच्या गौरवकथांत आम्ही फारसे सांगत नाही.

सलाफहादाच्या मुली

कायदा कादंबरीच्या मागून आला. इंग्लंडमध्ये १८७० व १८८२ च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीला आधी तिच्या कमाईवर आणि मग तिच्या मिळकतीवर हक्क मिळाला. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशात तो २००५ साली आला. आम्हा ख्रिस्ती वाचकांना एक गोष्ट आठवण करून देण्यासारखी आहे. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तेथे मुलाचा व मुलीचा वाटा सारखाच होता, आणि १९२५ च्या कायद्यातही तो तसाच राहिला. केरळातील त्रावणकोरच्या ख्रिस्ती स्त्रियांना मात्र वेगळ्या कायद्यामुळे तो नाकारला जात होता. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तो त्यांना मिळवून दिला.

म्हणजे कागदावर आम्ही पुढे होतो. व्यवहारात काय होते? वडील गेल्यावर मुली हक्कसोड पत्रावर सही करतात. भावाशी वाकडे नको, माहेरचे दार बंद व्हावयास नको, हे कारण. मॅगीच्या तोंडावर दार लागले ते यांना ठाऊक नसले तरी भीती तीच आहे. जुन्या करारात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून विचारतात की, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का बुडावे. आणि देव त्यांचा हक्क मान्य करतो. आमच्या प्रवचनांत या पाच बहिणी फार क्वचित येतात.

१९१० साली ई. एम. फॉर्स्टरने 'हॉवर्ड्स एंड' लिहिली. त्यातील मिसेस विल्कॉक्सचे घर तिचे स्वतःचे आहे. मरताना ती ते एका मैत्रिणीला द्यावे असे पेन्सिलीने लिहून ठेवते. नवरा व मुले ती चिठ्ठी वाचतात आणि जाळून टाकतात. घर तिचे असूनही तिचा शब्द शाईचा नव्हता म्हणून चालला नाही. कादंबरीच्या अखेरीस ते घर फिरून त्याच मैत्रिणीकडे येते. पण जळालेली चिठ्ठी वाचकाच्या मनातून जात नाही.

आम्ही आता त्या मुलीला उत्तर देऊ शकतो. ज्यांच्या नावावर घर नसते त्यांनाही त्याची ओढ असते, कारण त्यांनी ते रोज सारवून, झाडून, ओळखून आपले केलेले असते. मेरिअनच्या रडण्यात, मिसेस टलिव्हरच्या कापडात, टेसच्या आईने भिंतीलगत मांडलेल्या खाटेत एक मागणी आहे. इंग्रजी कादंबरीने ती ऐकली, पण आधी मालकिणीची आणि फार उशिरा मजुरणीची. वाचकाने तिला नुसता हळवेपणा समजू नये, एवढेच आमचे म्हणणे.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. काही वर्षांनी भेटली तेव्हा तिने सांगितले की, त्यांना सरकारी घरकुल मंजूर झाले, आणि कागदावर आईचेही नाव लागले. आईने रंगाऱ्याला बोलावून दारावर दोघांची नावे लिहून घेतली. आपले नाव नीट आले की नाही, हे तिने मुलीकडून दोनदा वाचून घेतले. त्यानंतर आठवड्याने गाडी आली. घराची किल्ली आजीपाशी ठेवून आई कारखान्यावर गेली.